शोधप्रबंधाच्या संदर्भसूचीसाठी संगणकीय साधनांची निवड : बिबटेक, बिबलाटेक आणि मराठी नोंदींची कसोटी

सारांश

लाटेक प्रणालीवर अक्षरजुळणी होणाऱ्या शोधप्रबंधांत संदर्भसूची तयार करण्याचे दोन मार्ग मुख्यत्वे प्रचलित आहेत. बिबटेक हा जुना मार्ग असून बिबलाटेक व बायबर यांची जोडी हा नंतरचा मार्ग आहे. या दोहोंची तुलना बहुधा इंग्रजी नोंदी समोर ठेवून केली जाते. प्रस्तुत लेखात ती मराठी नोंदींच्या आधारे केली आहे. लेखकाचे नाव, अकारविल्हे अनुक्रम, प्रकाशनवर्ष आणि सूचीची विभागणी या चार कसोट्यांवर दोन्ही मार्ग तपासून, संदर्भ गोळा करणाऱ्या साधनांचाही त्या अनुषंगाने विचार केला आहे.

बीजसंज्ञा : संदर्भसूची, अक्षरजुळणी, लाटेक, बिबटेक, बिबलाटेक, युनिकोड, अकारविल्हे

१. प्रस्तावना

संदर्भसूची हा शोधप्रबंधाचा शेवटचा भाग असला तरी प्रबंधाची विश्वसनीयता बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते. प्रबंधातील विधान पडताळून पाहू इच्छिणाऱ्या वाचकाला सूचीतून ग्रंथापर्यंत पोहोचता आले पाहिजे. लेखकाचे नाव चुकीच्या ठिकाणी तोडले गेले, आद्याक्षर बदलले किंवा नोंद भलत्याच वर्णाखाली गेली, तर सूची छापलेली असूनही वाचकाच्या उपयोगी पडत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा प्रत्येक नोंदीमागे माणसाची नजर होती. आज तेच काम संगणकाकडे सोपवले जाते. म्हणून ज्या साधनाकडे ते सोपवायचे त्या साधनाला मराठी नोंद कितपत समजते, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

मराठीतील बहुसंख्य प्रबंध सर्वसाधारण शब्दप्रक्रिया आज्ञावलीत टंकलिखित होतात आणि त्यांची सूची हाताने रचली जाते. तथापि गणित, संख्याशास्त्र, भाषाविज्ञान यांसारख्या विषयांतील संशोधक लाटेककडे वळलेले आहेत. झीटेक व लुआटेक या युनिकोडाधिष्ठित यंत्रणांमुळे देवनागरीची अक्षरजुळणी लाटेकमध्ये सुकर झाल्यावर मानव्यशाखांतील अभ्यासकांनाही ही वाट खुली झाली. पहिल्या प्रकरणाचा मसुदा होताच त्यांच्यापुढे संदर्भांसाठी कोणते साधन वापरावे हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर बहुधा शेजारच्या संशोधकाकडे जी तयार धारिका असेल तिच्यावरून ठरते. ही निवड अधिक डोळसपणे व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. बिबटेक : पार्श्वभूमी आणि सामर्थ्य

डोनाल्ड क्नूथ यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली निर्माण केली आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेकची उभारणी केली. लाटेकला जोड म्हणून ओरेन पाताश्निक यांनी १९८५ साली बिबटेक तयार केले. संदर्भाची माहिती एका ठिकाणी आणि तिची मांडणी दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, ही त्यामागील मूळ कल्पना होय. ब्रायन रीड यांच्या स्क्राइब या प्रणालीत ती आधीच अवतरली होती. संशोधक प्रत्येक ग्रंथाची नोंद साध्या मजकुराच्या धारिकेत करतो. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष असे तिचे रकाने असतात. प्रबंधात तो केवळ नोंदीचा संकेत लिहितो. कोणते रकाने कोणत्या क्रमाने आणि कोणत्या विरामचिन्हांसह छापायचे, हे स्वतंत्र शैलीधारिका ठरवते.

या रचनेचे लाभ अजूनही कमी झालेले नाहीत. एकच संग्रह अनेक लेखांना पुरतो आणि शैली बदलायची झाल्यास एक ओळ बदलून काम भागते. साध्या मजकुरात असल्यामुळे १९८८ सालची धारिका आजही कोणत्याही संगणकावर उघडता येते. विज्ञानशाखांतील अनेक प्रकाशक आपल्या नियतकालिकांसाठी बिबटेकच्याच शैली पुरवतात. पॅट्रिक डेली यांच्या नॅटबिब या जोडणीमुळे लेखक-वर्ष पद्धतीचे संदर्भनिर्देशही त्यात सुलभ झाले. इंग्रजीतून लिहिणाऱ्या आणि एखाद्या विशिष्ट नियतकालिकाकडे लेख पाठवणाऱ्या संशोधकाने बिबटेक सोडावे, असे सांगण्यास कोणतेही सबळ कारण नाही.

मात्र बिबटेकचा विकास फार पूर्वीच थांबला. ०.९९सी ही आवृत्ती १९८८ सालची असून त्यानंतरची ०.९९डी ही किरकोळ सुधारणांची आवृत्ती २०१० साली आली. ज्या काळात बिबटेक घडले त्या काळात युनिकोड अस्तित्वात नव्हते. एक अक्षर म्हणजे एक बाइट, असे त्यात गृहीत धरलेले आहे. पुढे उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या गृहीतकात आहे.

३. बिबलाटेक आणि बायबर

फिलिप लेहमन यांनी २००६ पासून विकसित केलेल्या बिबलाटेकने कामाची विभागणीच बदलली. बिबटेकमध्ये मांडणीचे नियम एका स्वतंत्र भाषेत लिहावे लागतात. ती भाषा लाटेकहून सर्वस्वी वेगळी असल्याने सामान्य संशोधक तिच्या वाटेस जात नाही. बिबलाटेकमध्ये मांडणी लाटेकच्याच आज्ञांनी होते. नोंदी वाचणे, त्यांचा अनुक्रम लावणे, नावांचे भाग पाडणे ही कामे बायबर ही आज्ञावली करते. फ्रान्स्वा शारेत व फिलिप काइम यांनी पर्ल भाषेत लिहिलेली ही आज्ञावली आरंभापासून युनिकोड गृहीत धरून रचलेली आहे. बिबलाटेकच्या २०१२ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून ती त्याची स्वाभाविक जोडीदार ठरली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बिबलाटेक नवीन आहे म्हणून ते श्रेष्ठ आहे, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. नवेपणा हा गुण नव्हे. मराठी नोंद न मोडता छापण्याची क्षमता हा गुण होय, आणि त्याची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

४. मराठी नोंदींच्या चार कसोट्या

४.१ लेखकाचे नाव

मराठी लेखकाच्या नावात बहुधा स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. त्यांचा संक्षेपही रूढ आहे. विष्णु सखाराम खांडेकर यांचे 'वि. स. खांडेकर' होते आणि पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचे 'पु. ल. देशपांडे'. येथे आद्याक्षर म्हणजे पहिले व्यंजन नव्हे, तर स्वरचिन्हासह पूर्ण अक्षर होय. 'व. स. खांडेकर' असे छापले तर तो दुसराच कोणी लेखक वाटेल.

यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. 'वि' मध्ये 'व' आणि ऱ्हस्व इकार अशी दोन चिन्हे असल्यामुळे त्याचे सहा बाइट होतात. नावांचा संक्षेप करणारी बिबटेकची शैली त्यांतील केवळ पहिला बाइट उचलते. त्यातून 'वि' तर नाहीच, पण 'व' सुद्धा निर्माण होत नाही. उरतो तो एका चिन्हाचा तृतीयांश. परिणामी छापील पानावर रिकामा चौकोन उमटतो किंवा प्रक्रिया मध्येच अडते. नावे पूर्ण छापणाऱ्या शैलींत हा दोष दिसत नाही. 'बिबटेक मराठीत व्यवस्थित चालते' असा जो अनुभव काही अभ्यासक सांगतात, तो बहुधा अशाच शैलींवर आधारलेला असतो आणि शैली बदलताच खोटा ठरतो.

बायबर चिन्हे ओळखते, त्यामुळे अर्धवट बाइटांचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. परंतु मराठीची अडचण एवढ्याने संपत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे आद्याक्षर 'श्री' आहे आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे 'त्र्यं'. जोडाक्षर कोठे संपते हे ठरवणे यंत्राला अवघड असते. मराठी संक्षेप हा केवळ लिपीचा नियम नसून रूढीचाही भाग आहे. बिबलाटेकमध्ये नावाचे भाग वेगवेगळे नोंदवून आद्याक्षरेही स्वतंत्रपणे लिहून देण्याची सोय आहे. अशा नावांसाठी ती वापरणे हाच निर्दोष उपाय होय. हे काम संशोधकालाच करावे लागते, परंतु एकदा केलेले काम त्या नोंदीबरोबर कायम राहते.

नावांचे आणखी दोन प्रकार विचारात घ्यावे लागतात. पहिला प्रकार संस्थांचा. 'महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ' हे नाव कंसाविना नोंदवल्यास दोन्ही साधने शेवटच्या शब्दाला आडनाव समजतात आणि सूचीत 'मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती' अशी हास्यास्पद नोंद उमटते. महिरपी कंसांची एक जादा जोडी घातली की हा दोष दोहोंतही टळतो. दुसरा प्रकार टोपणनावांचा आहे. 'कळ्यांचे निःश्वास' या १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहावर विभावरी शिरूरकर हे नाव आहे. मालतीबाई बेडेकर यांचे ते टोपणनाव होते आणि त्यांचे माहेरचे नाव बाळूताई खरे असे होते. ग्रंथावरील नाव बदलणे शास्त्रशुद्ध नाही, तसेच वाचकाला दुसऱ्या नावाची माहिती न देणेही योग्य नाही. बिबलाटेकमध्ये लेखकाच्या नावाला जोडून टोपणनाव किंवा मूळ नाव छापण्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. बिबटेकच्या मूळ शैलींत तो नाही. तेथे ही माहिती टिपेच्या रकान्यात टाकावी लागते आणि ती नोंदीच्या अखेरीस, नावापासून दूर छापली जाते.

४.२ अकारविल्हे अनुक्रम

देवनागरी चिन्हांना युनिकोडमध्ये जे क्रमांक आहेत, त्यांत 'ळ' हा 'ल' नंतर लगेच येतो. मराठी वर्णमालेत 'ळ' चे स्थान 'ह' नंतर आहे. काणे, काशीकर, कासार, काळे असा मराठी वाचकाला अपेक्षित असलेला क्रम त्यामुळे काणे, काळे, काशीकर, कासार असा होतो. चार नावांच्या सूचीत ही चूक डोळ्यांत भरणार नाही. चारशे नोंदींच्या सूचीत मात्र 'काळे' शोधणारा वाचक 'ह' पर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत येतो. 'क्षीरसागर' हे नाव 'क' च्या अखेरीस द्यावे की वर्णमालेच्या शेवटी, याविषयी मराठीत दोन्ही रीती आढळतात. संशोधकाने त्यांपैकी एक स्वीकारावी आणि ती सर्वत्र पाळावी, एवढीच अपेक्षा आहे. साधनाने ती निवड त्याच्या हातून काढून घेता कामा नये.

'ॲ' या अक्षराची अडचण याहून गंभीर आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासननिर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत स्थान दिले. युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह २००८ साली समाविष्ट झाले आणि त्याचा क्रमांक 'ह' च्याही पुढचा आहे. त्यामुळे निव्वळ क्रमांकानुसार लावलेल्या सूचीत ॲरिस्टॉटल हेगेलच्या नंतर येतो. शिवाय 'अ' वर अर्धचंद्र देऊन हेच अक्षर टंकलिखित करणारे अनेक जण आहेत. कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न आहेत. अशा वेळी एकाच लेखकाच्या दोन ग्रंथांच्या नोंदी सूचीच्या दोन टोकांना जाऊन बसतात. हा दोष कोणतेही साधन आपोआप दूर करत नाही. नोंद करतानाच एक रूप निश्चित करणे, हाच त्यावर उपाय आहे.

बिबटेक अनुक्रम लावते ते बाइटांच्या क्रमाने. त्यात भाषेनुसार बदल करण्याची सोय नाही. युनिकोड समजणारी बिबटेकयू ही सुधारित आवृत्ती उपलब्ध आहे, परंतु तिचा प्रसार अल्प असून जुन्या शैलींच्या इतर मर्यादा तिच्यातही कायम राहतात. बायबर युनिकोडच्या अनुक्रमविषयक नियमांचा अवलंब करते आणि त्यासाठी भाषा म्हणून मराठीची निवड करता येते. एखादे नाव तरीही इच्छित ठिकाणी न आल्यास त्या नोंदीपुरता अनुक्रमासाठीचा पर्यायी रकाना भरता येतो. छापले जाणारे नाव त्यामुळे बदलत नाही. अनुक्रमाच्या कसोटीवर दोन साधनांतील अंतर सर्वाधिक आहे, असे म्हणता येईल.

४.३ प्रकाशनवर्ष

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक मराठी ग्रंथांवर शालिवाहन शकाचे वर्ष छापलेले आहे. शके १८३० म्हणजे इसवी सन १९०८-०९. हे वर्ष आहे तसे वर्षाच्या रकान्यात लिहिले आणि त्याच लेखकाचा १८९५ सालचा ग्रंथही सूचीत असला, तर यंत्र शके १८३० चा ग्रंथ आधी ठेवते. कालानुक्रम उलटा होतो. लेखकाच्या विचारातील स्थित्यंतर कालानुक्रमाने दाखवणाऱ्या प्रबंधात ही चूक केवळ दिखाऊ राहत नाही. दुसरीकडे, शकाचे वर्ष पुसून केवळ इसवी सन देणे म्हणजे मुखपृष्ठावर नसलेली माहिती आपल्या पदरची घालणे होय. त्यातही शकवर्षाचा आरंभ चैत्रात होत असल्याने ग्रंथ नेमका कोणत्या इसवी सनातील, हे कधी कधी सांगता येत नाही.

बिबलाटेकमध्ये छापावयाचे वर्ष आणि अनुक्रमासाठीचे वर्ष वेगळे ठेवता येते. सूचीत 'शके १८३०' छापले जाते आणि क्रम १९०८ च्या हिशेबाने लागतो. बिबटेकच्या मूळ शैलींत असा दुहेरी रकाना नाही. तेथे प्रत्येक वेळी काही ना काही क्लृप्ती योजावी लागते, आणि अशी क्लृप्ती पुढील संशोधकाला दिलेल्या संग्रहात बहुधा अनाकलनीय ठरते. दिवाळी अंकांचेही असेच आहे. नियतकालिकाच्या अंकाला महिना किंवा क्रमांक नसून केवळ 'दिवाळी' एवढेच नाव असते. अशा अंकनामासाठी बिबलाटेकने स्वतंत्र रकाना ठेवलेला आहे.

४.४ सूचीची विभागणी आणि भाषा

मराठी प्रबंधात सूची बहुधा एकसंध नसते. आधारग्रंथ, मराठी संदर्भग्रंथ, हिंदी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, कोश, नियतकालिके, अप्रकाशित प्रबंध असे तिचे विभाग पाडण्याची रूढी आहे. मूळ बिबटेक एका दस्तऐवजासाठी एकच सूची तयार करते. अधिक सूची हव्या असल्यास इतर जोडण्या घ्याव्या लागतात आणि विभागांच्या संख्येइतक्या वेळा तीच प्रक्रिया करावी लागते. बिबलाटेकमध्ये नोंदीला खूणशब्द देऊन एकाच संग्रहातून हवे तितके विभाग छापता येतात आणि प्रत्येक विभागाचा अनुक्रम त्या त्या भाषेच्या नियमाने लावता येतो. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस स्वतंत्र सूची देण्याची सोयही त्यात आहे.

भाषेचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. बिबटेकच्या मूळ शैलींत 'संपादक', 'पृष्ठे', 'आणि इतर' या अर्थांचे इंग्रजी शब्द शैलीधारिकेतच कायमचे लिहिलेले आहेत. परिणामी मराठी ग्रंथाच्या नोंदीतही मध्येच इंग्रजी शब्द डोकावतात. शैलीधारिकेतील शब्द बदलले तर इंग्रजी ग्रंथांच्या नोंदी मराठीत बोलू लागतात. बिबलाटेकमध्ये हे शब्द भाषावार वेगळ्या याद्यांत ठेवलेले असून मराठीसाठीही अशी यादी उपलब्ध आहे. प्रत्येक नोंदीची भाषा नमूद केल्यास मराठी ग्रंथापुढे 'संपा.' आणि इंग्रजी ग्रंथापुढे तत्सम इंग्रजी संक्षेप छापता येतो. यादीतील एखादा शब्द रुचला नाही तर तो आपल्या प्रबंधापुरता बदलता येतो. अनुवादित ग्रंथांच्या बाबतीतही असाच फरक दिसतो. अनुवादक, मूळ भाषा आणि मूळ शीर्षक यांचे रकाने बिबलाटेकमध्ये आहेत, तर बिबटेकच्या मूळ शैलींना अनुवादक हा रकानाच ठाऊक नाही. मराठीत अनुवादाची परंपरा मोठी असताना ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

तळटीपांतून संदर्भ देणाऱ्या अभ्यासकांना 'तत्रैव' आणि 'उपरिनिर्दिष्ट' हे संकेत परिचित आहेत. हाताने लिहिलेल्या 'तत्रैव' चा धोका असा की, मध्ये एक नवी तळटीप घातली की तो दुसऱ्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. बिबलाटेकच्या तळटीपशैली लागोपाठचा संदर्भ स्वतः ओळखतात आणि मजकूर हलवला तरी संकेत योग्य राहतो. साहित्य आणि इतिहास या विषयांच्या संशोधकांसाठी एवढे एक कारणही निवडीस पुरेसे ठरावे.

५. संदर्भ गोळा करणारी साधने

बिबटेक किंवा बिबलाटेक सूची छापतात. नोंदी गोळा करण्याचे काम निराळे आहे आणि त्यासाठी निराळी साधने वापरली जातात. जॅबरेफ हे जावा भाषेतील मुक्त साधन थेट बिबधारिकेवरच काम करते आणि बिबटेक व बिबलाटेक या दोन्हींच्या रकान्यांना ओळखते. झोटेरो हे जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहास व नवमाध्यम केंद्राने २००६ साली प्रसिद्ध केलेले मुक्त साधन संकेतस्थळांवरून व ग्रंथालयांच्या तालिकांतून नोंदी उचलते. 'बेटर बिबटेक' ही जोडणी बसवल्यास झोटेरोतील संग्रहाची बिबधारिका आपोआप अद्ययावत राहते. एंडनोट आणि मेंडेली ही साधने व्यापारी संस्थांच्या मालकीची आहेत.

या साधनांची तुलना बहुधा सोयींच्या यादीवरून होते. प्रबंधाचे काम चार-पाच वर्षे चालते आणि संशोधकाचा संग्रह त्याहून कितीतरी अधिक काळ टिकावा लागतो, हे लक्षात घेता पहिली कसोटी संग्रह बाहेर काढता येण्याची असावी. एंडनोटची तत्कालीन मालक असलेल्या थॉमसन रॉयटर्स या संस्थेने २००८ साली जॉर्ज मेसन विद्यापीठावर दावा दाखल केला होता. झोटेरोला एंडनोटच्या शैलीधारिका वाचता येऊ लागल्या, हे त्याचे निमित्त होते. २००९ साली तो दावा फेटाळला गेला. मेंडेली २०१३ साली एल्सेव्हिअरकडे गेली आणि तिच्या जुन्या संगणकीय आवृत्तीचे वितरण २०२२ साली बंद झाले. ही उदाहरणे कोणत्याही संस्थेला दोष देण्यासाठी नाहीत. साधनाचे आयुष्य आणि संग्रहाचे आयुष्य एकमेकांवर अवलंबून ठेवणे संशोधकाच्या हिताचे नसते, एवढेच त्यांतून दिसते.

मराठीच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. आपोआप उचललेली नोंद तालिकेत जशी असते तशीच येते. अनेक तालिकांत मराठी ग्रंथांची नोंद रोमन लिपीत, तीही वेगवेगळ्या लेखनपद्धतींनी केलेली असते. एकाच लेखकाचे आडनाव तीन प्रकारे आले तर यंत्र त्यांना तीन लेखक समजते. युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित झालेला मजकूर तर नव्या संगणकावर निरर्थक चिन्हांची ओळ होऊन बसतो. म्हणून मराठी ग्रंथांच्या बाबतीत उचललेली नोंद हा केवळ कच्चा मसुदा मानावा आणि ग्रंथ हातात घेऊन, त्याचे मुखपृष्ठ व त्यामागील पान पाहून ती पूर्ण करावी. नोंदीचा संकेत मात्र रोमन लिपीत ठेवणे सुरक्षित ठरते. तो छापला जात नाही, आणि जुन्या-नव्या दोन्ही साधनांना तो वाचता येतो.

६. बिबलाटेकच्या मर्यादा

वरील विवेचनावरून बिबलाटेक निर्दोष असल्याचा समज होऊ नये. त्याची पहिली मर्यादा प्रकाशकांच्या बाजूने येते. विज्ञानशाखांतील पुष्कळ नियतकालिकांचे साचे बिबटेकवर आधारलेले असून त्यांत बिबलाटेक चालत नाही. दुसरी मर्यादा आवृत्तींच्या मेळाची आहे. बिबलाटेक आणि बायबर यांच्या आवृत्ती परस्परांशी जुळाव्या लागतात. महाविद्यालयाच्या संगणककक्षातील एका यंत्रावर उत्तम छापलेली सूची दुसऱ्या यंत्रावर अडते, ती बहुधा यामुळेच. तिसरी मर्यादा वेगाची आहे. मोठ्या संग्रहावर बायबर बिबटेकच्या तुलनेत संथ चालते. प्रबंधासारख्या दीर्घकालीन कामात याचे फारसे महत्त्व नसले तरी जुन्या संगणकावर ते जाणवते.

चौथी मर्यादा साधनाची नसून मराठी विद्याव्यवहाराची आहे. मराठीत सर्वमान्य अशी संदर्भशैली नाही. विद्यापीठांच्या मार्गदर्शक सूचनांत आडनाव आधी असावे की नंतर, शीर्षक अवतरणचिन्हांत द्यावे की ठळक, 'दुसरी आवृत्ती' चा संक्षेप काय करावा, याविषयी एकवाक्यता आढळत नाही. परिणामी अमेरिकेतील एखाद्या संघटनेची शैली जशीच्या तशी उचलली जाते. जी शैली पहिले नाव केवळ आद्याक्षराने द्यावे असे सांगते, ती मराठीत राबवताना 'दया पवार' यांचे 'द. पवार' होते आणि ज्या नावाने वाचक त्या लेखकाला ओळखतो ते नावच सूचीतून नाहीसे होते. येथे साधन दोषी नाही. साधनाने सांगितलेले काम केलेले असते. काय सांगावे हे ठरवण्याची जबाबदारी मराठीच्या अभ्यासमंडळांची आहे आणि ती त्यांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

७. निष्कर्ष

वरील चर्चेतून पुढील निष्कर्ष निघतात.

१) इंग्रजीतून लिहिलेल्या आणि बिबटेकचाच साचा मागणाऱ्या नियतकालिकासाठी तयार होणाऱ्या लेखास बिबटेक आजही योग्य आहे. तेथे बदलाचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

२) मराठी प्रबंधासाठी, तसेच ज्या इंग्रजी प्रबंधात मराठी नोंदींचे प्रमाण लक्षणीय आहे त्यासाठी, बिबलाटेक व बायबर यांची निवड करावी. आद्याक्षरे, अनुक्रम, शकवर्ष, विभागणी आणि भाषावार संक्षेप या बाबतींत बिबटेकची अडचण वरवरची नसून त्याच्या मूळ रचनेत आहे.

३) ही निवड प्रबंधाच्या आरंभीच करावी. दोन्ही साधने एकाच प्रकारची धारिका वाचत असली तरी बिबलाटेकचे अधिकचे रकाने सुरुवातीपासून भरलेले नसतील, तर शेवटच्या महिन्यात शेकडो ग्रंथ पुन्हा हाताळावे लागतात, आणि तोवर त्यांतील अनेक ग्रंथ ग्रंथालयात परत गेलेले असतात.

४) संग्राहक साधन कोणतेही असो, संग्रहाची साध्या मजकुरातील बिबधारिका वेळोवेळी वेगळी जतन करावी.

५) 'ॲ' सारख्या अक्षरांचे एक रूप, जोडाक्षरी नावांची आद्याक्षरे आणि 'क्ष' चे स्थान यांविषयीचे निर्णय संशोधकाने प्रथमच लिहून ठेवावेत. विभागातील सर्व संशोधकांनी ते समान ठेवल्यास संग्रहांची देवाणघेवाण शक्य होईल.

सूची यंत्राने छापली तरी नोंद माणसालाच करावी लागते. मराठी ग्रंथाचे मुखपृष्ठ जसे आहे तसे नोंदवू देणारे साधन निवडणे ही पहिली पायरी होय. त्या नोंदींना एक समान मराठी शैली देणे हे पुढचे काम असून ते विद्यापीठे, भाषाविषयक संस्था आणि ग्रंथपाल यांनी एकत्र येऊन करावयाचे आहे.